हद्दीबाहेरचा वळसा

मित्रांनो, मी एक हद्द आहे. जुनी आहे, म्हणजे तुमच्या वर्गातल्या बाकांपेक्षा जुनी आणि तुमच्या मुख्याध्यापकांच्या विनोदांपेक्षा नवी. एका मध्यम आकाराच्या शहराभोवती मी फिरले आणि जिथून निघाले तिथेच येऊन टेकले. माझ्या आत शहर आहे. माझ्या बाहेर, मी ज्या नियोजन कार्यालयात नोकरीला आहे त्याच्या मते, काहीच नाही.

जमिनीवर मी दिसत नाही. भिंत नाही, कुंपण नाही, साधा चुन्याचा पट्टाही नाही. पूर्वेच्या अंगाला एक तपकिरी कुत्रा रोज दुपारी माझ्यावर आडवा झोपतो. त्याचं डोकं शहरात असतं आणि शेपूट शेजारच्या गावात. कुत्र्यांची मोजणी झाली तेव्हा त्याला धरायचा की सोडायचा यावर दोन कार्यालयांत बरीच लिखापढी झाली. कुत्र्याला यातलं काही कळलं नाही. कळलं असतं तर त्याने कूस बदलली असती आणि शेपूट शहरात आणलं असतं. प्रश्न तसाच राहिला असता.

हे सुरुवातीलाच सांगते, कारण लोकांचा असा समज आहे की कापाकापी मी करते. मी काही करत नाही. मी नुसती रेघ आहे. कात्री दुसऱ्याच्या हातात असते, आणि नाव माझं खराब होतं.

माझा जन्म एका ड्राफ्ट्समनच्या हातून झाला. त्याच्याकडे कागदाचा जुना नकाशा होता, घड्यांवर फाटलेला आणि चिकटपट्टीने सांधलेला. तो स्कॅन करून त्याने संगणकात घेतला आणि वरून माऊसच्या टिचक्या मारत मला काढलं. एक टिचकी म्हणजे एक बिंदू. बिंदूला बिंदू जोडत मी वाढले. काही मुलं पायाळू जन्मतात, मी टिचकीने जन्मले. ड्राफ्ट्समन माणूस सावकाश होता. प्रत्येक वळणावर तो थांबायचा, मान तिरकी करून बघायचा, आणि मगच पुढे जायचा. शेवटच्या बिंदूपाशी मी मिटले तेव्हा तो शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाला, "बघ, कुठे फट नाही. पाणी भरलं तरी गळायचं नाही." माझं एवढं मनापासून कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

माझ्या अंगात एक खाच आहे, ती नीट लक्षात ठेवा. ईशान्येला एक टेकडी आहे. टेकडीचा माथा शहराच्या वाट्याला आलाय आणि एका बाजूचा उतार व पायथा शेजारच्या गावाच्या. हे कुणी ठरवलं ते मला ठाऊक नाही. ज्याने ठरवलं तो टेकडी चढून गेला नसणार, एवढं नक्की. त्यामुळे तिथे मी आत वळते, जणू कुणी बिस्किटाच्या कडेचा घास घेतलाय. टेकडीच्या पाठीमागे एक वसाहत आहे. ती शहराचीच. तिच्याकडे जाणारा रस्ता शहरातल्या जुन्या पाण्याच्या टाकीपासून निघतो, खाचेपाशी मला ओलांडून बाहेर पडतो, टेकडीच्या पायथ्याने वळसा घालतो आणि पलीकडे मला पुन्हा ओलांडून आत येतो. रस्त्याला त्याचं काही वाटत नाही. रस्ते समंजस असतात. टेकडी आली की वळसा घालतात, समिती नेमत नाहीत.

आता माझं काम सांगते. संगणकात शहराचा नकाशा एकसंध नसतो. रस्त्यांचा एक थर, घरांचा एक, झाडांचा एक, नाल्यांचा एक, असे थरावर थर. हे थर सबंध जिल्ह्याचे येतात, आणि आपल्याला हवं असतं फक्त शहर. मग त्या थरावर मला ठेवायचं आणि 'क्लिप' ही आज्ञा द्यायची. मळलेल्या कणकेवर वाटी दाबली की आतला गोल राहतो आणि बाजूची कणीक उचलून घेता येते, तसंच. फरक इतकाच की बाजूची कणीक पुन्हा मळून वापरतात. इथे बाहेर राहिलेल्याकडे कुणी वळूनही बघत नाही. जो तुकडा उरतो त्याला अभ्यासक्षेत्र म्हणतात. अभ्यास पुढे होतो किंवा होत नाही, क्षेत्र मात्र आधी कापून ठेवतात.

मित्रांनो, माझ्या उमेदीच्या वर्षांत मी काय काय कापलेलं पाहिलंय म्हणून सांगू. एक नदी माझ्या पश्चिम कडेवर जन्मायची आणि दक्षिण कडेवर मरायची. तिला ना डोंगर, ना समुद्र. एका अहवालात तर 'शहरातील अर्धवर्तुळाकार तलाव' असा उल्लेख आला, आणि त्या आकाराचं श्रेय आपल्या पूर्वजांच्या दूरदृष्टीला दिलं गेलं. तलाव पूर्ण गोल आहे. उरलेला अर्धा माझ्या बाहेर आहे, एवढंच. माझ्या परीने मी गप्प राहिले. रेघेला तोंड नसतं, नाहीतर मी त्या दिवशी उघडलं असतं.

कार्यालयाच्या साहेबांना मात्र मी फार आवडायचे. साहेब मनाने वाईट नव्हते. पण एकदा भर बैठकीत नकाशाच्या कडेला शेजारच्या गावाचा उकिरडा दिसला, आणि एका सदस्याने जेवणाची वेळ होईपर्यंत त्या उकिरड्यावरच प्रश्न विचारले. तेव्हापासून साहेबांनी हाय खाल्ली. "हद्दीबाहेरचं काही दिसता कामा नये," ते सगळ्यांना सांगायचे. "बाहेरचं दिसलं की लोक बाहेरचं विचारतात. आपल्याला आतलंच सांगताना नाकी नऊ येतात." त्यामुळे कार्यालयात रिवाजच पडला. काम कुठलंही असो, आधी क्लिप, मग बाकी सगळं.

ड्राफ्ट्समन निवृत्त झाला आणि त्याच्या खुर्चीवर नकाशाताई आली. तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला नकाशाताईच म्हणतात. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्यांपैकी ती एक. संगणकाशी ती सारखी बोलायची. "चल रे बाबा, हल की," असं तिने म्हटलं की समोर बसलेला माणूस उठून उभा राहायचा. कामाला चोख होती. जिल्ह्याचा पसारा माझ्या मापाने कापून तिने समोर ठेवला की साहेब म्हणायचे, "वा, कशी सुबक कड आहे." कड माझी होती. शाबासकी ताईला मिळायची. मी मनाला लावून घेतलं नाही. थोडंसं घेतलं.

संध्याकाळी लॅपटॉप ताईच्या पिशवीत जायचा, आणि लॅपटॉपबरोबर मीही. ताई त्याच टेकडीमागच्या वसाहतीत राहते. घरात ती, छापखान्यात पाळीवर जाणारा तिचा नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना दम्याचा जुना त्रास, आणि जिभेला मात्र कसलाच त्रास नाही. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला की त्या म्हणायच्या, "आणलंस का तुझं दुसरं सासर?" मागच्या हिवाळ्यात त्यांचा श्वास कोंडला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या इस्पितळातून निघाली होती. ती येईना, म्हणून शेजाऱ्याच्या मालवाहू गाडीत गादी टाकून त्यांना न्यावं लागलं. अर्ध्या वाटेत अ‍ॅम्ब्युलन्स समोरून आली आणि शेजारून निघून गेली. सासूबाई वाचल्या. पण डॉक्टर ताईला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी एवढा उशीर चालणार नाही." ताईने ते घरात कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना न सांगताच कळलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी पंप उशाखालून काढून कमरेला खोचून ठेवायला सुरुवात केली.

आणि त्याच वर्षी शहराला दुसरी अ‍ॅम्ब्युलन्स मंजूर झाली.

ती उभी कुठे करायची, हा प्रश्न ताईच्या टेबलावर आला. जागा दोन होत्या. एक बाजारपेठेच्या चौकात आणि एक जुन्या पाण्याच्या टाकीपाशी. नियम सोपा होता. आजवर जिथे गाडी दहा मिनिटांत पोहोचत नव्हती अशी जास्तीत जास्त घरं ज्या जागेवरून पोहोचण्याजोगी होतील, ती जागा पक्की. हिशेब संगणक करणार, तक्ता बाहेरून आलेले एक सल्लागार मांडणार आणि समिती मान डोलावणार. टाकीची जागा ताईच्या वसाहतीच्या वाटेवरच होती. ताई मोठ्याने काही बोलली नाही. पण त्या दिवशी तिने संगणकाला 'बाबा' न म्हणता 'राजा' म्हटलं.

"आधी क्लिप करून घ्या," साहेब दारातूनच म्हणाले. ताईने केलं. हाताला सवयच होती. रस्त्यांच्या थरावर तिने मला ठेवलं, आज्ञा दिली, आणि माझ्या बाहेरचे सगळे रस्ते गळून पडले.

मी ओरडले असते, मित्रांनो. तो वळसा गेला होता. टाकीकडून येणारा रस्ता माझ्या खाचेपाशी येऊन तुटला होता, आणि वसाहतीतून निघालेला रस्ता पलीकडे माझ्याच अंगावर येऊन संपला होता. मधल्या तुकड्याच्या जागी पांढरं शून्य. संगणक प्रामाणिक प्राणी आहे. त्याने इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि वसाहतीतल्या प्रत्येक घरापुढे लिहिलं, 'मार्ग सापडत नाही'. बाकीचं शहर हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रंगांनी भरलं. वसाहत कोरी राहिली. सल्लागारांनी तक्ता करताना कोऱ्या जागा वगळल्या, कारण कोरं म्हणजे तिथे मोजण्यासारखं काही नाही, असं त्यांच्या तक्त्याला वाटतं. टाकीच्या जागेला जेमतेम चार गल्ल्या मिळाल्या. बाजारपेठ जिंकली.

ताईने निकाल बघितला आणि तिचा चेहरा उतरला. पण आकडे म्हणजे आकडे, असं तिला शिकवलं होतं. ती लॅपटॉप घेऊन घरी आली.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान लांब करून पडद्याकडे बघितलं. "काय गं, हे हिरवंपिवळं काय?"

"अ‍ॅम्ब्युलन्सचं आहे, आई. हिरव्या घरांत ती दहा मिनिटांत पोहोचते. पिवळ्यांत थोडा उशीर. तांबड्यांत फारच उशीर."

"मग आपण तांबडे असणार. माझी पत्रिकाच तशी आहे. दाखव बघू."

ताईचं बोट टेकडीमागे गेलं आणि तिथेच थांबलं.

"आपण पांढरे का?" सासूबाईंनी विचारलं.

ताईने चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. स्वतःच्या घरावर टिचकी मारली. बाजूला एक चौकट उघडली. "मार्ग सापडत नाही," तिने वाचलं.

"कुणाला?"

"संगणकाला. इथे पोहोचता येत नाही म्हणतोय."

"बरं झालं कळलं. तुझा नवरा रोज उशिरा येतो म्हणून मी उगीच त्याला टाकून बोलत होते. बिचाऱ्याला मार्गच सापडत नाही." सासूबाईंनी एक किडकं वांगं बाजूला टाकलं. "आणि तू गं? तू आत्ता आलीस ती कुठून टपकलीस?"

ताई हसली नाही. तिने मला मोठं करून बघितलं, त्या खाचेपर्यंत. दोन्हीकडून तुटलेल्या रस्त्याची दोन थोटकं बघितली. मग कपाळावर हात मारून ती इतका वेळ बसून राहिली की सासूबाईंनी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. मी त्यांच्या पडद्यावर होते, म्हणून सगळं ऐकलं.

"साहेब, टेकडीमागची वसाहत नकाशात कोरी आलीय. तिथे जायला रस्ता नाही, असं निघालंय."

"असं कसं? तुम्ही तिकडेच राहता ना?"

"हो."

"मग येता कशा?"

"रस्त्याने."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. "रस्ता आहे, मग नकाशात का नाही?"

"मधला तुकडा हद्दीबाहेर आहे. क्लिप केल्यावर तो गेला."

"मग बरोबरच आहे की. हद्दीबाहेरचा रस्ता आपला नाही."

"आपला नसला तरी त्यावरून जाता येतं, साहेब. मी रोज जाते."

"ते तुमचं खासगी झालं," साहेब म्हणाले. "अहवालात असं कसं लिहिणार? उद्या सदस्य विचारतील, शेजारच्या गावाच्या जमिनीवरून आपली गाडी का नेता? मग पुन्हा तो उकिरडा निघेल."

सल्लागार शेजारीच बसले होते. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "बाहेरचं घेतलं की सगळा हिशेब गढूळ होतो, मॅडम. तुम्हाला ही दोन टोकं जोडून हवीत, एवढंच ना?" आणि त्यांनी एका टोकावर टिचकी मारली, दुसऱ्या टोकावर टिचकी मारली. मधे सरळ रेघ उमटली. बाहेरचा एकही रस्ता न घेता. वसाहत एका क्षणात हिरवीगार झाली.

"झालं," सल्लागार म्हणाले.

"सर, तिथे टेकडी आहे."

"नकाशात कुठाय टेकडी?"

"तो थर आपण लावलेला नाही."

"मग कशाला आडवी येतेय?"

मित्रांनो, त्या टेकडीच्या माथ्याला लागून मी जाते. तिच्या पोटातून कुणी गाडी नेईल, असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि खरी गंमत पुढेच आहे, गंमत म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. त्या रेघेमुळे रस्ता इतका जवळचा झाला की आता बाजारपेठेतून निघालेली गाडीही वसाहतीत दहा मिनिटांत पोहोचू लागली, टेकडीच्या आरपार. म्हणजे टाकीपाशी गाडी ठेवायचं उरलंसुरलं कारणही संपलं. आधी वसाहत कोरी म्हणून हरली होती, आता हिरवी म्हणून हरली. ताईने हे साहेबांना दोनदा समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, "तुमचा प्रश्न कोऱ्या जागेचा होता ना? ती भरली. आता तुम्ही दुसराच प्रश्न काढताय."

त्या संध्याकाळी ताईने घरी लॅपटॉप उघडलाच नाही. पिशवीतून मला एवढंच ऐकू आलं.

"मग येणार का ती गाडी आपल्याकडे?" सासूबाई विचारत होत्या.

"कागदावर येणार, आई."

"मग मी आजारीही कागदावरच पडते," सासूबाई म्हणाल्या, आणि खोकल्या. तो खोकला कागदावरचा नव्हता.

सुटका झाली ती कचरागाडीमुळे. रस्त्यांचा तो थर एकट्या अ‍ॅम्ब्युलन्ससाठी नव्हता. सगळी खाती तोच वापरायची. कचरा उचलणाऱ्या खात्याने नव्या नकाशावरून गाड्यांचे मार्ग आखले आणि वसाहतीच्या गाडीला सूचना दिली, खाचेपासून सरळ जावे. ड्रायव्हर गाडी घेऊन टेकडीपुढे उभा राहिला आणि त्याने कार्यालयात फोन लावला. साहेबांनीच उचलला.

"साहेब, सरळ जायचं लिहिलंय."

"मग जा ना सरळ."

"जातो. पण आधी टेकडी मी काढायची का तुम्ही काढताय?"

पुढचे काही दिवस ड्रायव्हर लेखी आदेश मागत राहिला आणि वसाहतीत कचरा साठत राहिला. वारा शहराकडे वाहू लागला तेव्हा साहेब ताईच्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "ती रेघ तेवढी पुसून टाका." ताईने पुसली. वसाहत पुन्हा पांढरी झाली. समितीची बैठक दुसऱ्या दिवशी होती.

"आता?" साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी थांबले.

"साहेब, नकाशात हद्दीबाहेरचं काही दिसणार नाही. शब्द देते. पण मला आजचा दिवस मधे काही विचारू नका."

साहेबांना फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं असावं. ते मान हलवून गेले.

मग ताईने जे केलं त्यात काही जादू नव्हती. तिने जिल्ह्याचा मूळ रस्त्यांचा थर काढला, न कापलेला. माझ्याभोवती सगळीकडून दोन किलोमीटर सोडून तिने एक मोठी, ऐसपैस हद्द आखली, मी तिच्या पोटात मावेन अशी. रस्ते त्या मोठीच्या मापाने घेतले. वळसा आला, टेकडीचा पायथा आला, शेजारच्या गावाचा तो उकिरडाही आला. मग संगणकाला म्हणाली, "आता मोज, राजा." संगणकाने मोजलं. रस्ता टाकीपासून निघाला, मला ओलांडून बाहेर गेला, वळसा घालून आत आला आणि वसाहतीतल्या घराघरापर्यंत पोहोचला. दहा मिनिटांच्या आत. बाजारपेठेतून निघालेल्या गाडीची दहा मिनिटं मात्र वळशावरच संपली. सगळी मोजणी पुरी झाल्यावर, अगदी शेवटी, ताईने मला उचललं, तयार नकाशावर ठेवलं आणि क्लिप केलं. बाहेरचं सगळं गेलं. पण आतलं खरं होतं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कापताना कुठे लागलं नाही.

बैठकीत साहेबांनी नकाशा भिंतीवर दाखवला. कड सुबक होती, उकिरडा नव्हता. एका सदस्याने विचारलं, "टाकीच का? बाजारपेठ का नको?" साहेब उठले आणि ताईने सकाळी सांगून ठेवलेले शब्द एकेक करून, जणू रात्रभर जागून त्यांनीच शोधले असावेत अशा थाटात म्हणाले, "टेकडीमागच्या लोकांना नजरेआड करून कसं चालेल? आपण व्यापक दृष्टी ठेवून मोजलं." सल्लागारांनी मान डोलावली आणि वहीत 'व्यापक दृष्टी' लिहून घेतलं. ताई मागच्या खुर्चीवर बसून चष्मा शोधत होती. तो डोक्यावर होता.

टाकीपाशी पत्र्याची शेड उभी राहिली. आत एक खाट, एक फोन, एक गाडी आणि पाळीपाळीने बसणारे दोन ड्रायव्हर.

आणि पावसाळा सरल्यावर एका दुपारी सासूबाईंचा श्वास पुन्हा कोंडला. ताई कार्यालयात होती, नवरा छापखान्यात. शेजारणीने फोन केला. मी जमिनीवर होते, मित्रांनो, खाचेपाशी, जिथे मी कुणाला दिसत नाही. मला गाडीची चाकं आधी ऐकू आली. ती माझ्यावरून बाहेर गेली. मग टेकडीचा पायथा, दुसऱ्यांची जमीन, कोणाचीही नसलेली ती शांतता. माझा सगळा जन्म कड सांभाळण्यात गेला, पण त्या वेळी मला वाटलं, आपण नसतो तर बरं झालं असतं. मग पलीकडून चाकं माझ्यावरून आत आली. थोड्या वेळाने तीच चाकं पुन्हा बाहेर, पुन्हा आत. या फेरीत गाडी थोडी जड होती. आत कुणीतरी बोलत होतं, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा असूनही.

"हळू चालव रे बाबा," तो आवाज म्हणत होता. "आणि सरळ जाऊ नकोस. सरळ टेकडी आहे."

सासूबाई आठवडाभराने घरी आल्या. ताई लॅपटॉप घेऊन त्यांच्या पलंगाशी बसली होती. त्यांनी पडद्यावरच्या फाइलींची नावं वाचायला सुरुवात केली, कारण दुसऱ्याच्या पडद्यावरचं वाचायचं नाही हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. माझ्या आजवर इतक्या नकला झाल्या आहेत की माझी मलाच ओळख पटत नाही. हद्द_शेवटची. हद्द_शेवटची_खरी. हद्द_साहेबांनी_पाहिलेली. त्यांच्या खाली ती नवी, ऐसपैस हद्द होती. तिचं नाव ताईने ठेवलं होतं 'सासूबाई'.

"हे काय?" सासूबाईंचा आवाज चढला. "माझं नाव कशाला दिलंस?"

ताई जरा चपापली. "ती हद्दीबाहेर दोन किलोमीटर लक्ष घालते, आई."

सासूबाईंनी पंप घेतला, एक श्वास ओढला आणि सोडला. "घालायलाच हवं," त्या म्हणाल्या. "आतलं बघायला तुम्ही सगळे आहातच."

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण परवाच साहेबांचा निरोप आला. शहरातल्या नाल्यांचा अभ्यास करायचाय, कुठे पाणी तुंबतं ते शोधायचंय. खाली लिहिलं होतं, 'नेहमीप्रमाणे आधी क्लिप करून घ्यावे'. म्हणजे नदी पुन्हा माझ्या कडेवर जन्मणार आणि वरच्या डोंगरावर कितीही पाऊस पडला तरी तिला तो ठाऊक नसणार. मी कपाळाला हात लावला असता, पण रेघेला कपाळही नसतं. ताईने निरोप वाचला, "बरं साहेब," असं लिहून पाठवलं, आणि 'सासूबाई' उघडली.

तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात कधीतरी कात्री येईल. संगणकातली येईल किंवा दुसरी कुठली. मला फेकून देऊ नका, मी कामाची आहे. सुबक कड सगळ्यांना आवडते, मलाही आवडते. फक्त कापण्याआधी एकदा बघा, मला ओलांडून रोज कोण जातं, कोण येतं, आणि त्याची वाट कुठून जाते. मोजणी पुरी झाली की मग बोलवा मला. मी कुठे जात नाही. पूर्वेच्या अंगाला माझ्यावर तो कुत्रा झोपलेला असतो, आणि तो उठेपर्यंत मला हलताही येत नाही.